दोन हप्त्यांचा संसार

संतोषमामांनी अडकित्त्यात सुपारी धरली आणि दाबायच्या आधीच हात थांबवला.

"अगोदर पोरांना गच्चीवर बोलू द्या पाच मिनिटं. रीत ती रीत."

सगळे हसले. सोनिया आणि करण दोन वर्षं एका वर्गात बसलेले, एका डब्यात जेवलेले. पाच मिनिटांत नवं काय बोलणार? पण मुलाच्या मामांचा शब्द मोडायचा नाही म्हणून दोघं उठली.

"तारीख ठरवूनच खाली या," सोनियाचे वडील बाळाजी मागून म्हणाले. त्यांचा आनंद कात्रपच्या त्या दोन खोल्यांत मावत नव्हता. जात, पत्रिका, काही म्हणता काही आडवं आलं नव्हतं. या लग्नाला विरोध करायला कुणी उरलंच नव्हतं.

गच्चीवर कुणाचे तरी पापड वाळत होते. त्यांच्या कडेकडेने जाऊन दोघं पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी राहिली.

"परत केलास घरखर्चाचा हिशेब?" सोनियाने विचारलं.

"सकाळीच. लांब वांगणीला स्वस्तातली भाड्याची खोली घेतली असं धरून बघितलं. तरी नाही बसत यार."

बसणार कसा? सार्वजनिक आरोग्याची पदवी दोघांनी कर्ज काढून घेतली होती. कॉलेजच्या माहितीपत्रकात परदेशी संस्थांचे फोटो होते. प्रत्यक्षात सोनिया बारवी धरणापलीकडच्या पाड्यांवर लहान मुलांची वजनं करत हिंडत होती आणि करण उल्हासनगरच्या गल्ल्यांतून पाण्याच्या पिंपात डासांच्या अळ्या शोधत होता. दोघांचंही अकरा महिन्यांचं कंत्राट, दोघांचंही मानधन पंचवीस हजार. त्यातले प्रत्येकी चौदा हजार बँक नेत होती. आणि घरी दोघांनीही साठ हजार सांगून ठेवले होते. पहिल्या महिन्यात लाजेपोटी तोंडातून आकडा गेला, पुढे तो गिळता येईना. खाली चाललेली बैठक म्हणजे बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी होती.

"बायांना मी सांगते, पोराचं वजन घटलं तर लपवू नका, लगेच सांगा," सोनिया म्हणाली. "आणि आपण काय करतोय?"

करणने वाऱ्याने उलटलेला एक पापड सरळ केला.

"आज सांगू. खाली गेल्या गेल्या बोलून टाकतो. मग फोडायची असेल तर फोडतील सुपारी. डाळभात खाऊन राहू ना आपण. राहशील?"

"राहीन. पण आधी तू बोलायचंस."

"मीच बोलणार. प्रॉमिस."

तिला एकदम हलकं वाटलं. गरिबीची तिला भीती नव्हतीच, जन्मापासूनची ओळख होती. दमवलं होतं ते त्या खोट्या आकड्याने. जिना उतरताना करणवर तिचा इतका जीव जडला होता, जितका एवढ्या वर्षांत कधी जडला नव्हता.

खाली करणची धाकटी बहीण चिमी पेढ्यांचा बॉक्स धरून दारातच उभी होती. तिचे डोळे चमकत होते.

"या," करणची आई बकुळाबाई म्हणाल्या. "तुम्ही वर होतात तेवढ्यात आम्ही आणखी एक काम उरकलं. चिमीलाही तुमच्यासारखंच शिकवायचं. बँकेला दोन कमावते जामीनदार लागतात म्हणे. माझ्यासारख्या साड्यांना फॉल लावणारीला कोण विचारतंय? करणबरोबर सोनिया राहील की. घरात दोन पगार आल्यावर भ्यायचं कशाला?"

"वहिनी, तुमचंच कॉलेज," चिमी लाजत म्हणाली. वहिनी हा शब्द तिने पहिल्यांदाच उच्चारला होता.

सोनियाने करणकडे पाहिलं. करण आईकडे पाहत होता.

"घेऊ दे ना ॲडमिशन, आई," तो म्हणाला. "आम्ही दोघं आहोत की."

सोनियाला वाटलं, तो अजून बोलेल. पण त्याने पेढा उचलून तोंडात टाकला.

खरा आकडा तिलाही सांगता आला असता. पण मग फॉल लावून लावून मुलाला शिकवलेल्या त्या बाईला भावासमोर, परक्या घरात कळलं असतं की मुलगा वर्षभर खोटं बोलतोय. तेवढं निर्दय व्हायला सोनियाला जमेना. आणि गप्प राहावं, तर ही पोर हसत हसत त्याच खड्ड्यात उतरणार, तेही सोनियाच्याच सहीवर.

मामांनी अडकित्ता उचलला.

"थांबा, मामा," सोनिया म्हणाली. "मला मुलगा पसंत नाही."

कुठल्याही घरात लागलीच समजणारं वाक्य. त्यावर कुणी हिशेब मागत नाही.

बाळाजी ताडकन उठले. "डोकं फिरलंय का तुझं? काय कमी आहे त्याच्यात?"

"काही नाही, बाबा. नाही पसंत."

"मग माझं कॉलेज?" चिमीने विचारलं. तिने बॉक्स खाली ठेवला आणि सोनियाकडे असं पाहिलं, की सोनियाने मान खाली घातली.

बकुळाबाईंनी पदर सावरला. "शिक्षण इतकं डोक्यात जाऊ देऊ नये, बाई," दाराशी त्या एवढंच म्हणाल्या आणि भावाला आणि मुलीला घेऊन निघाल्या.

करण मागे राहून बुटांची नाडी बांधत होता. बांधून झाल्यावर त्याने वर पाहिलं. सोनिया त्याच्या चेहऱ्यावर राग शोधत होती, निदान दुःख तरी. करणने एक लांब श्वास सोडला, त्याचे ताठलेले खांदे सैल झाले आणि तो भराभर जिना उतरून गेला.