टमाट्यावरचं पान

कन्हेरीच्या कौसल्येने पाटाच्या पाण्यावर दोन वाफे टमाटे लावले, तेव्हा गावात ते फळ फारसं कुणी तोंडात घातलेलं नव्हतं. साल होतं एकोणीसशे चौतीस. बारामतीच्या बाजारात शेतकी खात्याचा माणूस बियांच्या पुड्या वाटत होता, त्यातली एक तिने पदराला गाठ मारून आणली. रोपं तिने वाढवली, आधाराच्या काठ्या तिनेच रोवल्या. पौषात वाफे असे लालभडक झाले की वाटेने जाणारा माणूस थांबून बघे. बघे, आणि पुढे जाई.

तिच्या सासूबाई ठमाबाई तर वाफ्याकडे पाठ करून उभ्या राहत. "रगतावानी दिसतंय. माणसानं खायाचं हाय का ते?"

"खात्यात, आत्याबाई. सायेब लोक खात्यात."

"मग सायबाच्या दारात लाव."

संक्रांत झाली आणि घरी हळदीकुंकू ठरलं. ठमाबाईंनी सुनेला बजावलं, "हळदीकुंकवाला पाचजणी येणार हायती. त्यांनी तुजा टमाटा खाल्ला तर राहू दे वाफे. न्हाय खाल्ला, तर दुसऱ्याच दिवशी सगळं उपटायचं आन् कांदा लावायचा. मग रडायचं न्हाय."

नवऱ्याच्या शेतात कौसल्येच्या हातचं म्हणावं असं हे पहिलंच पीक होतं, आणि ते तिला बारामतीच्या गुरुवारच्या बाजारात विकायचं होतं.

ती थेट गेली भिमाआबांकडे. भिमाआबा शेजारचेच. इटलीच्या बोटीवर चौदा वर्षं भटारखान्यात राबून म्हातारपणी गावी परतलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

"पोरी, त्या लोकांत पाव्हणा आला की जेवायच्या आधी काय तरी चटकमटक देत्यात. भूक खवळावी म्हणून. पावाचा तुकडा भाजायचा, त्याला लसूण घासायची, वर टमाटा."

"आबा, पाव आणला तर आत्याबाई घरात घेतील व्हय?"

"पाव कशाला? कालची भाकरी हाय न्हवं?"

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी ते कौसल्येच्या पडवीत येऊन बसले. शिकवायची त्यांना घाई नसे. एक काम हातात बसल्याशिवाय दुसरं ते सांगतच नसत. आधी ज्वारीच्या शिळ्या भाकरीचे चार बोटं रुंद तुकडे करायला लावले. ते तिने मंद निखाऱ्यावर उभे ठेवले. पहिला तुकडा करपला.

"करपू दे," आबा म्हणाले. "आता कळलं ना किती येळ ठेवायचा न्हाय ते? दुसरा ठेव."

दुसरा कुरकुरीत झाला. त्यावर लसणीची पाकळी घासली, तेव्हा ती किसणीवर घासावी तशी झिजत गेली. मग टमाटे बारीक चिरले. मीठ लावून ते चाळणीवर ठेवायला आबांनी सांगितलं.

"का बरं?"

"तूच बघ."

थोड्या वेळाने खालच्या वाटीत पाणी साठलेलं तिला दिसलं. "हे पाणी भाकरीवर गेलं असतं तर ती मऊ पडली असती!"

"व्हय. आता मी सांगितलं नसतं तरी तुला उमगलंच असतं."

टमाट्याला करडईचं तेल आणि मिरपूड लावली. रात्री फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का निघाला होता. त्यात मीठ घालून बोराएवढ्या गोळ्या केल्या आणि भरड मिऱ्यात घोळवल्या. सगळं घरातलंच होतं. बाजारातून दिडकीचं काही आणावं लागलं नाही.

"आन् शेवटी," आबा म्हणाले, "वर एक हिरवं पान. बोटीवर त्याबिगर ताट भाईर जात नसे. त्याचा वास आपल्या सब्ज्यावानी असतो."

सब्जा पाटाच्या कडेला माजलेला होता. कौसल्येने कोवळी पानं खुडून आणली, भाकरीच्या तुकड्यांवर टमाटे पसरले आणि प्रत्येकावर एकेक पान ठेवलं. बायका यायच्या आत आबा काठी टेकत निघून गेले.

तिसऱ्या प्रहरी बायका जमल्या. रंगूबाई, छबूबाई, साखरबाई आणि बानूबाई गावातल्याच. पाचव्या बनाबाई म्हणजे ठमाबाईंच्या थोरल्या नणंद, इंदापूरहून मुद्दाम आलेल्या. घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, आणि कौसल्येने परात मध्ये आणून ठेवली.

तांबड्या फोडींकडे बघत छबूबाईने नाक मुरडायला घेतलं होतं, तेवढ्यात बनाबाई पुढे वाकल्या. त्यांनी परात न्याहाळली आणि हात जोडले.

"निवद दाखवून आणलास व्हय, पोरी? शानी हायस."

त्यांनी एक तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि डोळे मिटून खाल्ला. प्रसादाला कोण नाही म्हणणार? बघता बघता चौघींनी तेच केलं. ठमाबाईंनी सुनेकडे एकदा रोखून पाहिलं आणि त्यांनीही कपाळाला लावून घास तोंडात टाकला.

कौसल्येला उलगडा व्हायला क्षणभर लागला. सब्ज्याचं पान तुळशीच्या पानासारखं! पदार्थावर तुळशीचं पान दिसलं की तो देवाला दाखवलेला, हे लहान पोरालाही ठाऊक. आबा चौदा वर्षं समुद्रावर राहून ते विसरले, आणि तिलाही गडबडीत सुचलं नाही.

पाचहीजणींनी खाल्लं होतं. सासूने सुद्धा. गप्प बसली तर वाफे वाचत होते. पण प्रसाद म्हणून गिळलेला घास तो. प्रसाद कुणी गुरुवारच्या बाजारातून शेरावर विकत घेत नाही. आणि देवाच्या नावावर आपला माल खपवला, ही टोचणी वेगळीच.

"मोठ्या आत्या," ती अडखळत म्हणाली, "चुकी झाली. ती तुळस न्हाय, सब्जा हाय. निवद दाखवल्याला न्हाय. हा आपला वाफ्यातला टमाटा हाय. नुसता खायाचा."

ठमाबाईंच्या कपाळाला आठी पडली. साखरबाईने तोंडावर पदर धरला.

"म्हंजी परसाद न्हाय ह्यो?" बनाबाईंनी विचारलं.

"न्हाय जी."

"मग आण की इकडं परात! परसाद दोनदा मागू नये म्हणून मगापासनं हात आवरून बसलीया मी!"

सगळ्या खो खो हसल्या. रंगूबाईने दोन तुकडे उचलले. "मला वाटलं माजीच जीभ चळली. परसाद खाऊन आणखी मागू का नगं!" बानूबाईने चक्क्याची गोळी फोडीबरोबर खाल्ली आणि नुसती मान डोलावली, कारण तोंड भरलेलं होतं. छबूबाई दुसरा तुकडा संपवून बोटं चाटत होती.

"वन्सं, तुमी बी?" ठमाबाई म्हणाल्या.

"मी बी काय? तू खाल्लास न्हवं? कसा लागला, खरं सांग."

ठमाबाईंनी पदराने ओठ पुसले. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर होत्या.

"मीठ थोडं कमी हाय," त्या म्हणाल्या.

परात रिकामी व्हायला फार वेळ लागला नाही. भाकरीचे तुकडे अजून होते, टमाटे संपले होते. कौसल्या टोपली घेऊन उठली, तर ठमाबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"तू बस पाव्हण्यांजवळ. निखारं फुंक. मी आणते तोडून."

उंबरठ्यावर त्या थांबल्या आणि मागे न बघताच त्यांनी विचारलं, "लाल झाल्यालीच तोडायची, का पिवळी बी चालत्यात गं?"