ओंजळीतले आईबाबा

मी एक जुना हात आहे, मित्रांनो. नुसता हात. मनगटाच्या वर माझं काहीच नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी गौरीचा डावा हात म्हणून साच्यातून निघालो. पण प्लास्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला आणि माझ्या तळव्यावर खळगा पडला. देवीला असला हात कोण लावणार? माझी रवानगी कोपऱ्यातल्या टोपलीत झाली.

तिथून मला उचललं स्वप्नालीने. तिचे बाबा, गोरखदादा, त्याच कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. बारीक रेघ ओढायची कला घरातलीच. पोरीने ब्रश सोडून मेंदीचा कोन धरला, इतकंच. रोज दुपारी ती मला टेबलावर उताणा ठेवी. निलगिरी तेलाचा वास सुटे, थंडगार रेघ मनगटावरून निघून बोटांवर चढू लागे आणि मला गुंगी येई. वाटे, आपण कुठल्याशा मांडवात बसलो आहोत, लांबून सनई ऐकू येते आहे, कुणीतरी हळूच आपला हात हातात घेतं आहे. संध्याकाळी ती मला पुसून काढी. मांडव विरून जाई आणि एक फिकट तपकिरी डाग मागे उरे. असे शेकडो डाग माझ्या अंगावर आहेत.

स्वप्नाली प्रत्येक नवरीला विचारून तिच्यापुरती नक्षी काढते. रोह्याच्या एका मुलीला कुंडलिका नदी हवी होती. दुसरीने चक्क नवऱ्याच्या कंपनीची बस काढून घेतली! सरावासाठी ती बस आठ दिवस रोज नव्याने माझ्या अंगठ्याखाली उभी राही. मला मेली मुळीच आवडली नव्हती.

मग खाडीकडच्या गावातून नमिता आली. तिला द्यायचं होतं रोह्याला, प्रणितच्या घरी. ती म्हणाली, “ताई, एका हातावर आई काढ, एका हातावर बाबा. मिठागरात काम करताना. ओंजळ केली की दोघं एकमेकांकडं बघताना दिसली पायजेत.”

तिची आई, सीताबाई, दोन वर्षांपूर्वी गेली होती. कन्यादानाला जोडपं लागतं, म्हणून काका-काकूंनी बसावं असं भावकीने ठरवलं होतं. तिचे बाबा दामूदादा त्यावर एक शब्द बोलले नव्हते. नमिता रडवेली होऊन म्हणाली, “माझ्या ओंजळीत बाबांनीच पाणी सोडलं पायजे. ओंजळीत आई दिसली ना, तर ते नाय म्हणणार नायत.”

स्वप्नालीने स्वतःचे दोन्ही हात कागदावर पालथे ठेवून त्यांची आकृती उतरवली. त्यात आईबाबा काढून दोघांची तोंडं आतल्या बाजूला, अंगठ्यांकडे वळवली. डाव्या हातावरची सीताबाई तिने माझ्यावर दहा वेळा गिरवली: खोचलेलं लुगडं, हातात मीठ ओढायची लाकडी फळी. मी तिला इतका सरावलो की मला झोपेत खाऱ्या वाऱ्याचा वास येई.

लग्नाच्या दोन दिवस आधी आम्ही नमिताच्या घरी गेलो. मला नमुना म्हणून खिडकीत ठेवलं होतं. दोन तास कोन चालला. मेंदी सुकत आल्यावर नमिताने अलगद ओंजळ केली आणि तिचा चेहरा उतरला.

मित्रांनो, आत्ता तुमचे हात पालथे ठेवून बघा. अंगठे शेजारी येतात. आता ओंजळ करा. शेजारी येतात त्या करंगळ्या! आईबाबा एकमेकांकडे पाठ करून उभे होते. आणि मी बिचारा एकटा डावा हात. ओंजळ म्हणजे काय, हे मी तिला कुठून दाखवणार होतो? लाजेने मला पुन्हा टोपलीत जावंसं वाटलं.

“पुसते मी. आत्ता पुसते,” म्हणत स्वप्नाली ओलं फडकं शोधू लागली.

“नको गो ताई. रंग चढला असंल आता,” नमिता म्हणाली, आणि डोळ्यांतलं पाणी हातांवर पडू नये म्हणून तिने मान वर केली.

तेवढ्यात दामूदादा चहा घेऊन आत आले. ओंजळीकडे बघून ते दारातच थांबले. मग कप खाली ठेवून लेकीपुढे बसले.

“ह्ये तुला कुनी सांगितलं?”

“काय, बाबा?”

“आमी असंच मीठ वढायचो. ती त्या टोकाकडनं, मी ह्या टोकाकडनं. फळी वढत मागं मागं यायचं. मागचं कुठं दिसतंय? पाठीला पाठ लागली का समजायचं, मिठाचा वाफा वढून झाला.” ते थोडे हसले. “मंग ती म्हनायची, चला आता, भाकरी खावा.”

दामूदादांनी लेकीची दोन्ही मनगटं खालून धरली, मेंदीला धक्का लागू न देता. बाहेर मांडवाचे बांबू ठोकणं चालू होतं.

“काकाला सांग,” ते म्हणाले, “पानी मीच सोडनार.”

लग्नाचा फोटो स्वप्नालीने गोरखदादांना दाखवला तेव्हा मी टेबलावरच होतो. दामूदादा पाटावर बसले आहेत, शेजारचा पाट रिकामा आहे. त्यांच्या हातातल्या तांब्यातून नमिताच्या ओंजळीत धार पडते आहे, बरोबर आईबाबांची पाठीला पाठ लागते तिथे.

आता माझी बोटं झिजली आहेत. कधीतरी टेबलावरून पडेन आणि माझा चुरा होईल. त्याआधी एवढंच मागतो, मित्रांनो. आपल्या हातून काही चुकलं असं वाटलं, तर ते पुसायची घाई करू नका. ज्याच्यासाठी केलं, त्याला आधी एकदा बघू द्या. त्या दुपारी चूक फक्त आम्हालाच दिसत होती. दामूदादांना सीताबाई दिसली.