टाचेवरचा फोड

मायक्रोवेव्हचं दार उघडताच जळका वास आला. स्प्लिंटचा पोटरीकडचा भाग छान कडक झाला होता. टाचेवर मात्र पुन्हा टम्म फोड.

"परत?" संगप्पानं विचारलं.

"परत!" प्रतिक्षानं हातमोजे काढून भिरकावले.

सोलापूरच्या एमआयडीसीत दोघांची भागीदारीत छोटी शेड होती. लुळ्या पावलाला आधार देणारे स्प्लिंट ते बनवत. प्लॅस्टरच्या साच्यावर काचेच्या कापडाचे थर रेझिन या चिकट द्रवात भिजवून लावायचे आणि तापवून कडक करायचे. साध्या भट्टीत अर्धा दिवस जाई, आणि मध्येच वीज गेली की माल वाया. म्हणून प्रतिक्षानं हौसेनं मोठा मायक्रोवेव्ह आणला होता. तेव्हापासून डोक्याला ताप. रेझिन बदललं, पॉवर कमी केली, थांबत थांबत तापवलं, फोड टाचेलाच.

बाहेर येसूबाई बसल्या होत्या. वैरागच्या अंगणवाडीत मदतनीस. पाठीच्या ऑपरेशननंतर त्यांचं उजवं पाऊल लुळं पडलं होतं, चालताना बोटं जमिनीला घासत.

"झालं का गं?"

"थोडं राहिलंय, मावशी."

"मागच्या खेपेला बी थोडंच हुतं की! येष्टीत बसून बसून दुसरा पाय बी जायचा माझा."

प्रतिक्षा आत आली. संगप्पा म्हणाला, "साचा उन्हात खडखडीत वाळलाय. रेझिनच खराब असणार."

"किती वेळा रेझिनच्या नावानं बोटं मोडायची?" असं म्हणत तिनं स्प्लिंट सोलून काढला आणि साचा टेबलावर आदळला. तो घरंगळून खाली पडला आणि घोट्यात दुभंगला.

टाचेचं प्लॅस्टर आतून करडं दिसत होतं. तिनं बोट लावलं. गार. ओलं.

"अरे, पाणी! मायक्रोवेव्ह आधी पाणीच तापवतो. आत वाफ झाली, तिनंच थर उचलले. टाच जाड, ती आतून वाळलीच नव्हती."

"सापडलं की मग!"

"सापडलं. पण साचा फुटला. माप पुन्हा घ्यावं लागणार. मावशींना तू सांग."

"अय्यो, मी न्हाई."

शेवटी तीच गेली. येसूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"साचा फोडला कुनी?"

"मीच. रागानं."

"मला सोडून सगळ्यांना राग येतोय हितं. घे माप. पर आता घाई केलीस तर बघ!"

या वेळी प्रतिक्षानं साचा आतून पोकळ ठेवला आणि रोज त्याचं वजन करत राहिली. वजन उतरायचं थांबेपर्यंत, म्हणजे आतलं पाणी पुरतं उडेपर्यंत तिनं मायक्रोवेव्हला हात लावला नाही. संगप्पा वैतागून गेला. पण स्प्लिंट निघाला तो गुळगुळीत, टाचेसकट.

येसूबाईंनी तो चढवला, पट्टे आवळले आणि उठल्या. बोटं घासली नाहीत. त्या शेडभर फिरल्या, दाराबाहेर रस्त्यापर्यंत गेल्या, परत आल्या.

"घोट्याला जरा बोचतंय."

प्रतिक्षानं दात आवळून कानस उचलली. "बसा, घासून देते."

"आता बसायला कुनाला येळ हाय?" म्हणत येसूबाई पुन्हा रस्त्याकडं निघाल्या.