डावा पाय

"डाव्या पायाला मी हात लावणार नाय," वच्छलाबाई म्हणाली आणि तिने तेलाची वाटी बाजूला सरकवली.

दारात खुर्ची टाकून बसलेल्या आशाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. गेले आठ दिवस मालिश सुरू झाली की त्या तिथेच बसत. वच्छलाबाईने पाय धुतले का, पदर खोचला का, स्वतःजवळचं काही वाटीत टाकलं तर नाही ना, सगळीकडे त्यांचं लक्ष असे. तेलही त्यांच्या घरचंच. मालिश झाली की सुनेवरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकत, तेही वच्छलाबाईच्या देखत.

"उजव्याला लावला. डाव्यानं काय घोडं मारलंय?"

"गरम लागतोय. फुगलाय. दवाखान्यात दाखवा, ताई."

चटईवर पालथी झोपलेल्या तनुजाने मान वळवली. बाळंतपणाला अकरा दिवस झाले होते. तिला आई नव्हती, म्हणून पहिलटकरीण असूनही बाळंतपण सासरीच झालं होतं, सिडकोतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

"आई, पोटरी दुखतेय खरं. परवापासून."

"तू गप. ही बोलली की तुला दुखायला लागतं."

बाळंतिणीचं अंग अर्धं चोळून सोडलं की उरलेल्या अर्ध्यात वारं भरतं, असं आशाबाईंना त्यांच्या सासूने सांगितलं होतं. अशी अर्धी सोडलेली एक बाई जन्मभर लंगडली म्हणे. म्हणून त्यांचा राग नुसता कामचुकारपणावर नव्हता. त्या घाबरल्याही होत्या, पण ते त्यांनी दिसू दिलं नाही.

वच्छलाबाईने चटईची एक काडी काढली. आधी उजव्या पोटरीभोवती गुंडाळली, मग डाव्या पोटरीभोवती. डावीकडे काडीची टोकं भिडेनात. बोटभर अंतर राहिलं. पैंजणही त्याच पायात रुतलं होतं.

"बघा."

"बाळंतिणीला सूज येतीच. मला नव्हती का आली?"

"दोन्ही पायाला येती. एकाला नाय. आन् मी पहिल्या दिवशीच म्हणलं होतं, पोरीला पाणी पाजा, घरातल्या घरात फिरवा. तुम्ही घोटभर ओव्याच्या पाण्यावर ठेवलं तिला, आन् बाथरूमपुरती उठू दिली."

"तुला मालिशीला बोलावलंय. अक्कल शिकवायला नाय."

ते खरंच होतं. वच्छलाबाई पडेगावहून दोन रिक्षा बदलून येई, काम करी, जाई. ती पहिल्यांदा आली तेव्हा तनुजाच्या पाठीला लाकडासारखा ताठा होता. मूल झालं तेव्हापासून ती सलग तासभरही झोपली नव्हती. घरात जो येई तो बाळाला बघे, बाळाला घेई, बाळाचं नाक कुणासारखं यावर वाद घाली. वच्छलाबाईने कमरेपासून मानेपर्यंत अंगठे फिरवले, तेव्हा ती पोरगी चटईत तोंड खुपसून रडली आणि रडतारडता झोपली. जागी झाली ती दूध पाझरून पोलकं भिजलं तेव्हा. त्या दिवसापासून ती सकाळी रिक्षाच्या आवाजाकडे कान लावून असे.

"मला कळतं हे कुठून आलं ते," आशाबाई म्हणाल्या. "सोयगावच्या माझ्या जावेनं तुझं नाव सुचवलं, तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. उद्या बारसं. हॉल घेतलाय, सगळे पाव्हणे येणार. आन् आजच तुला पाय गरम लागला? बाळंतीण दवाखान्यात, पाव्हणे दारात. तेवढंच बघायचंय तिला."

"मी त्या बाईला दोनदा भेटले असंल. तिच्या लेकीची मालिश केली, एवढंच."

"दोनदा पुरतंय."

आवाज ऐकून ऋतुराज बाहेर आला. तो घरूनच काम करी. गळ्यात हेडफोन तसाच होता. "काय झालं?"

"बाई अर्धं काम करून उठायला बघती."

त्याने बायकोचा पाय पाहिला, मग आईचा चेहरा पाहिला. "उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ दे ना, मावशी. परवा नेतो मी तिला. तोवर जरा हलक्या हातानं चोळा."

"उद्यापर्यंत नाय थांबायचं. आन् चोळायचं तर अजिबात नाय."

"डॉक्टर आहे का तू?" आशाबाई म्हणाल्या. "चोळ म्हणलं की चोळायचं. तुला जमत नसंल तर मी चोळते."

त्यांनी खरंच बांगड्या वर सारल्या आणि खाली बसल्या. वाटी ओढून घेतली. वच्छलाबाईने त्यांचं मनगट धरलं. आठ दिवसांत तिने आशाबाईंना कधी स्पर्श केला नव्हता.

"ताई, थांबा. एक सांगते, मग काय करायचं ते करा."

ती सांगू लागली. एकवीस वर्षं झाली होती. तेव्हा ती पाचोडला राहत होती. तिथल्या सांडू मिस्तरीची बायको बाळंत झाली होती. बावीस वर्षांची पोर. तिचा असाच एक पाय फुगला. सासू म्हणाली, जोर लावून चोळ, रग निघंल. वच्छलाबाईने चोळला. पोर उठून बसली, म्हणाली, मावशी, दम लागतोय, पाणी द्या. वच्छलाबाई पाणी घेऊन आली तोवर संपलं होतं.

"लोक म्हणले, बाहेरचं झालं. मला कुणी बोल लावला नाय. उलट मलाच धीर दिला. मीबी तेच खरं मानलं. मग पडेगावला आले. तिथं एकदा मालिशवाल्या बायांना बोलावून नर्सबाईनं सांगितलं, एकच पाय सुजला, गरम झाला, तर त्याला हात लावू नका. आत रक्ताची गाठ असती. चोळली की सुटती आन् छातीत जाती. बाकीच्या बाया चहा पीत व्हत्या. मी पेला खाली ठेवला. तवा कळलं मला, ती कुणाच्या हातानं गेली."

तनुजाने हळूच पाय आखडून घेतला.

आशाबाईंनी मनगट सोडवून घेतलं. "म्हणजे तुझ्या हातानं एक बाळंतीण मेली. आन् ते लपवून तू माझ्या घरात शिरली."

"व्हय."

"आठ दिवस झाले माझ्या सुनेच्या अंगाला हात लावतेस."

"व्हय."

"मग हा पाय कशानं सुजला? तूच काहीतरी केलं असशील. धड होता पोरीचा पाय."

वच्छलाबाईच्या तोंडात उत्तर आलं होतं. कालपर्यंत तिने पोटऱ्यांवरून नुसता हलका हात फिरवला होता, आणि आज पाय गरम लागताच हात काढून घेतला होता. तनुजाला ते ठाऊक होतं. पण वच्छलाबाईने आशाबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे पहिल्यांदाच घाई दिसली. बारसं, हॉल, जाऊ, सगळं त्या डोळ्यांतून गेलं होतं.

"असंलबी माझ्या हातानं झालं," ती म्हणाली. "मी काय सांगू? डॉक्टरलाच दाखवा. त्यांना कळंल मी काय केलं ते."

"मावशी, तुम्ही कुठं..." तनुजा म्हणू लागली.

"तू बोलू नको, पोरी. दम लागतोय का?"

"नाही."

"ऋतुराज, गाडी काढ," आशाबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता. हिचं काय ते लिहूनच घेते डॉक्टरकडून."

"जिन्यानं चालवू नका तिला," वच्छलाबाई म्हणाली. "खुर्चीवर बसवा अन् दोघांनी उचलून लिफ्टमध्ये न्या."

आशाबाईंनी स्वतः बसत होत्या ती खुर्ची पुढे केली. जाताना त्यांनी बाळाला दुपट्यात गुंडाळून घेतलं, वाटीतलं तेल मोरीत ओतलं आणि वच्छलाबाई बाहेर पडेपर्यंत दाराला कुलूप लावायला थांबल्या.

तिसऱ्या दिवशी ऋतुराजचा फोन आला. मांडीपर्यंत गुठळी होती. इंजेक्शनं चालू होती. धोका टळला होता. "डॉक्टर म्हणाले, चोळला असता तर..." तो अडखळला. "डॉक्टरांनी आईला सांगितलं, मालिशीनं असं होत नाही, बाईनं वेळेत ओळखलं. पण आई म्हणते, डॉक्टर बाहेरच्यांची बाजू घेतात."

"पोरगी बरी हाय ना? मग म्हणू दे."

पण आशाबाईंनी ते घरापुरतं ठेवलं नाही. सांडू मिस्तरीच्या बायकोची गोष्ट सिडकोतून मुकुंदवाडीला गेली, तिथून आणखी पुढे. प्रत्येक घरी ती थोडी वाढत गेली. ठरलेली दोन बाळंतपणं हातची गेली. किराडपुऱ्याच्या नौशीनचं पहिलं बाळंतपण वच्छलाबाईनेच सांभाळलं होतं. आता दुसऱ्याला दिवस भरत आले होते. तिने फोनवर सांगितलं, "खाला, अभी रहने दो. मेरे को कुछ नहीं, पर अम्मी डर रही है."

"डरना अच्छा है, बेटा," वच्छलाबाई म्हणाली. "पानी पीती रहना. चलती-फिरती रहना."

ती सकाळी सवयीने लवकर उठे, अंघोळ करी, आणि मग कुठे जायचं नाही हे आठवून उंबऱ्यात बसे.

दीड महिन्याने तिच्या दारासमोर पांढरी गाडी थांबली. तनुजा उतरली. डाव्या पायात मांडीपर्यंत घट्ट मोजा होता. पाऊल जपून टाकत होती, पण स्वतःच्या पायांनी चालत होती.

"मावशी, पाठ तेवढी चोळून द्या. झोपच लागत नाही."

"डॉक्टरला विचारलं?"

"विचारलं. पाठीला हलक्या हातानं चालेल म्हणाल्या. पायाला नाही."

"आन् सासूबाई?"

तनुजाने गाडीकडे मान केली. मागच्या काचेतून आशाबाई दिसत होत्या, मांडीवर बाळ; पुढे स्टिअरिंगवर ऋतुराज. "त्या म्हणाल्या, जा, पण मी बघत बसणार."

वच्छलाबाईने चटई घराच्या आत नेली नाही. दाराशीच अंथरली, आणि दाराची एक फळी लोटलेली होती तीही भिंतीला टेकवली. तनुजाच्या पाठीवर फक्त पोलकं सैल करून वरून पदर टाकला, म्हणजे रस्त्यावरच्या कुणाला काही दिसू नये, आणि गाडीतून हात मात्र दिसावेत. मग स्वतःच्या घरचं तेल तळहातावर घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर घासून कोमट केले आणि कमरेपासून सुरुवात केली. जोर न लावता, हळूहळू. खांद्यापर्यंत पोचेतो तनुजाचा श्वास लांब झाला होता. मान एका बाजूला कलली. तोंड थोडं उघडं राहिलं.

गाडीचा हॉर्न वाजला.

वच्छलाबाईचा एक हात पोरीच्या पाठीवर होता. तो तिने काढला नाही. दुसरा, तेलाने भिजलेला हात तिने वर केला आणि तळवा गाडीकडे करून तसाच धरून ठेवला, थांबा म्हणून.

हॉर्न पुन्हा वाजला नाही.