हत्तीची तीट

पद्मजाच्या बाजेखाली एका फुटक्या सुपात तीन फौजा पडून होत्या, आणि तिन्हींतली एकही लढाईला उभी राहण्याजोगी नव्हती. घोडेस्वारांचे घोडे रंगून तयार होते, पण वरचे स्वार अजून कोरे. पायदळाची नुसती पागोटीच लाल. तोफवाल्यांवर चुन्याचा एक हात फिरला होता, पुढं काही नाही. ते तसे ओळीनं पडलेले पाहून सासूबाई रुखमाबाई म्हणाल्या होत्या, "अवं, हे तर भज्याच्या पिठात बुडवलेल्या मिरच्या दिसून राह्यल्या."

हा उद्योग मुळात नवऱ्याचा. चिंतामण चिखलीच्या मराठी शाळेत मास्तर. दर रविवारी शाळेच्या रिकाम्या वर्गात, भिंतीवरच्या मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या नकाशाखाली, तो लाकडी चौकटीत नदीची वाळू पसरायचा, तिचे डोंगर करायचा, नाले काढायचा. त्यात त्याचा मित्र वैजनाथ, जो एका वकिलाकडं कारकून होता, आणि तो स्वतः मातीच्या बोटभर सैनिकांनी जुन्या लढाया खेळायचे. कोण पडलं, कोण उरलं, ते कवड्या ठरवायच्या. सैनिक उंद्री गावचा कुंभार भाजून द्यायचा. ते रंगवायचं काम मात्र दोघांच्या बायकांच्या गळ्यात पडलं होतं. चिंतामणची बाजू पद्मजा रंगवायची, वैजनाथची बाजू त्याची बायको शारदा.

यंदा दसऱ्याला साखरखेर्ड्याची लढाई शाळेच्या अंगणात मांडायची होती. गावातली मंडळी बघायला येणार होती.

पद्मजाच्या हाताला नावं ठेवील असा माणूस चिखलीत नव्हता. गेरू, हळद, नीळ आणि बाभळीचा डिंक एवढ्यावर ती मातीच्या गोळ्याला माणूस करायची. एक शिपाई दाढदुखीनं बेजार, एक घरच्या आठवणीनं हळवा, एक नुसताच आगाऊ. पण ते सुरुवातीचे चार-दोन. पाचव्याला हात घालावा, तोवर तिचं मन दुसरीकडं पळालेलं असायचं. घोड्यांचे लगाम बाकी असताना पागोट्यांचा लाल रंग तिला हाक मारी. पागोटी होतात न होतात तोच तोफांचा काळा. शिवाय तिची दहा महिन्यांची छबी. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पद्मजा रंगवायला बसे; लेक चुळबुळली की पाय हलवायचा, निजली की कुंचली हलवायची. छबीच्या झोपेएवढाच तिचा दिवस होता.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," रुखमाबाई म्हणत.

"लेकरू आहे ना आत्याबाई, वेळ कुठं मिळतो?"

"शारदेले तीन लेकरं हायेत. वरून म्हैस हाय."

हेच ते. हेच पद्मजाच्या काळजात काट्यासारखं रुतलेलं होतं. शारदेला तीन लेकरं, म्हैस, अंथरुणाला खिळलेली सासू, आणि तरी तिची फौज पुरी व्हायची. आज सगळ्यांचे अंगरखे, उद्या सगळ्यांची पागोटी, परवा सगळ्यांच्या मिशा. सगळ्यांचं तोंड एकसारखं, जसे एकाच आईचे. पण पुरं.

एकदा चिंतामण जेवता जेवता म्हणाला, "शारदावहिनीचं घोडदळ पाह्यलं मी आज. एकेका घोड्याले लगाम, एकेका स्वाराले ढाल. डोळ्याचं पारणं फिटलं."

पद्मजानं तव्यावरची भाकरी उलटली नाही. जळू दिली, आणि तीच त्याच्या ताटात वाढली.

"हे काय?"

"लगाम नाही लावता आला तिला," ती म्हणाली.

नवरात्र बसलं आणि उंद्रीहून हत्ती आले. आजवर या खेळात हत्ती नव्हते. पाच हत्ती, पाठीवर अंबारी, सोंडा उचललेल्या. चिंतामणच्या बाजूचे, म्हणजे पद्मजाचेच. तिचे हात शिवशिवले. पण चिंतामणनं ते उंच फळीवर ठेवले.

"याले हात लावायचा नाही. आधी सुपातले पुरे कर. नाई तर हे मी शारदावहिनीले रंगवायले देऊन टाकीन, सांगून ठेवतो."

"द्या की. माझं काय जातं?"

दोन दिवस तिनं खाली मान घालून स्वारांचे अंगरखे रंगवले. तिसऱ्या दिवशी तिला चुलीतली राख दिसली. राखेत थोडी नीळ घातली तर हत्तीचा रंग बरोबर येईल का, एवढंच तिला पाहायचं होतं. एवढंच. रंग पाहायचा तर एक हत्ती खाली घ्यायलाच हवा. आणि घेतला, तर... डोळे नेहमी शेवटी उघडायचे, सारं अंग रंगल्यावर; माहेरी गौरीचे मुखवटे रंगवणाऱ्या काकीनं हे तिला लहानपणी शिकवलं होतं. पण कुंचलीला काजळ लागलेलंच होतं. पद्मजानं आधी डोळाच काढला. दमलेला, ओलसर, खूप चालून आलेल्या जनावराचा डोळा. भोवती सुरकुत्या. मग अर्धा कान. मग छबी उठली.

संध्याकाळी चिंतामणनं लेकीला उचललं, तर तिच्या मुठी राखाडी, गालावर राखाडी बोटं. त्यानं फळीकडं पाहिलं. फळीवर चारच हत्ती. तो रागावला असता तर पद्मजा भांडली असती. पण त्यानं लेकीला खाली ठेवलं. जुन्या धोतराचं पान काढलं, चार कोरे आणि एक डोळ्याचा असे पाचही हत्ती त्यात गुंडाळले आणि वैजनाथच्या घराची वाट धरली.

त्या रात्री पद्मजा जेवली नाही. पोट बिघडलं, असं सांगितलं.

दसऱ्याला तीन दिवस उरले तेव्हा ती विरजण मागायच्या निमित्तानं शारदेकडं गेली. स्वतःच्या घरात विरजण होतं. शारदेच्या माजघरातल्या कोनाड्यात फौज उभी होती, आणि पुढं चार हत्ती, राखाडी, नीट, झुलीला हळदीची किनार. पाचवा मागं भिंतीशी, होता तसाच.

"कसे झाले वं?" शारदेनं विचारलं.

"छान झाले," पद्मजा म्हणाली. आणि आतून, तिच्या मनाच्या अगदी तळातून, कोणी तरी म्हणालं, फुटोत मेले.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कळलं. शारदेच्या धाकट्यानं कोनाड्यात चढायला पाय ठेवला आणि एका हत्तीची सोंड गेली.

पद्मजा अर्धीच घागर घेऊन घरी आली. संध्याकाळी रुखमाबाई छबीवरून मीठ-मोहरी उतरवत होत्या. "शेजारच्याची, पाजारच्याची, वाटेनं जाणाऱ्याची, घरात बसून जळणाऱ्याची, साऱ्याची दृष्ट जाऊ दे चुलीत." मोहरी तडतडली. पद्मजाला वाटलं, ती आपल्याच डोळ्यांत तडतडली.

"आत्याबाई, मातीच्या वस्तूलाही दृष्ट लागते का हो?"

"काऊन नाई? नव्या घराले लागते, दुभत्या म्हशीले लागते. म्हणून तर काळं बोट लावा लागते. काऊन वं, काय झालं?"

"काही नाही."

दसऱ्याच्या आदल्या दुपारी शारदा घरातल्या गोधड्या घेऊन नदीवर धुवायला गेलेली पद्मजानं पाहिली. तिनं छबीला कडेवर घेतलं, काजळाची डबी कनवटीला खोवली आणि निघाली. शारदेच्या सासूनं आतून विचारलं, "कोन हाय?"

"मी पद्मजा, मावशी. वहिनी येईपर्यंत बसते."

कोनाड्यासमोर बसून तिनं छबीला मांडीवर घेतलं, डबी उघडली, आणि पहिल्या हत्तीच्या गालावर तीट लावली. मग दुसऱ्याच्या. सोंड तुटलेल्याच्या जरा मोठी. पाचवा तेवढा तिनं भिंतीशी तसाच राहू दिला; तो तिचा स्वतःचा होता. मग घोड्यांच्या. मग स्वारांच्या. मग भालाईतांच्या, एकेकाच्या उजव्या गालावर, नखाएवढा काळा ठिपका. छबी डबीकडं झेप घेई, ती तिचा हात धरून ठेवी. कुठलाच नवा रंग तिला हाक मारत नव्हता. शेवटचा तोफवाला झाला तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आयुष्यात पहिल्यांदाच तिनं एक अख्खी फौज पहिल्यापासून शेवटापर्यंत पुरी केली होती. ती दुसरीची होती.

"काय करून राह्यली वं तू?"

दारात शारदा. खांद्यावर ओल्या गोधड्यांचा भारा, पदरातून पाणी गळतंय.

पद्मजाच्या बोटाला काजळ होतं. लपवायला जागा नव्हती.

"तीट लावत होते."

"कोनाले?"

"सगळ्यांना." तिनं बोट पदराला पुसलं. "माझी दृष्ट लागली हो वहिनी. सोंड माझ्यानं गेली. मी आले तेव्हा मनात... मी चांगलं नव्हते बोलले मनात."

शारदेनं भारा दारातच टाकला. एक घोडा उचलला, ठिपका अंगठ्यानं पुसून पाहिला. तुपातलं काजळ ते, सगळ्या गालभर पसरलं.

"सोंड माह्या पोट्ट्यानं तोडली, अन् फौज तू काळी केली! उद्या दसरा हाय, बयो! हे लढाईले चालले का बारशाले?"

पद्मजा रडू लागली. आई रडते म्हणून छबीही रडू लागली. आतून सासू विचारू लागली, कोन मेलं? शारदेनं कपाळाला हात लावला, मग छबीला पद्मजाच्या मांडीवरून उचललं.

"गप. दोघी गप." तिनं कोनाड्यातून पाचवा हत्ती काढला आणि पद्मजाच्या पुढ्यात ठेवला. "हा पुरा कर. इथं बसून. दुसऱ्या कशाले हात लावशीन तर हात मोडीन."

"तुम्ही का नाही केला?"

शारदा छबीला थोपटत राहिली.

"केला असता. राख कालवली, कुंचली उचलली. पन तो पाहून राह्यला होता माह्याकडं. त्या डोळ्यावर मले रंग फिरवता नाई आला."

पद्मजा बसली. कान पुरा केला, सोंडेच्या वळ्या केल्या. मधेच तिला झुलीचा लाल रंग सुचला आणि हात पायांचं काम टाकून तिकडं वळला. "पाय," शारदा म्हणाली. पद्मजानं पाय केले. दिवेलागणीला हत्ती पुरा होता. छबी शारदेच्या मांडीवर निजली होती.

दसऱ्याला शाळेच्या अंगणात वाळू पसरली. चिंतामणच्या बाजूला पद्मजाचे अर्धेमुर्धे शिपाई उभे राहिले, पीठ लागलेले तोफवालेसुद्धा. वैजनाथनं आपली फौज मांडायला घेतली आणि थबकला.

"मास्तर, माह्या साऱ्या शिपायाले तीट काऊन हाय बे?"

लोक हसले. कोणी म्हणालं, "आईनं लावून पाठवले असतीन!" बायांच्या घोळक्यात शारदा पदराआड हसली, पद्मजानं मान खाली घातली.

चिंतामण हत्ती मांडत होता. पाचवा हातात आला तेव्हा त्याचा हात थांबला. त्यानं तो उजेडाकडं धरला, फिरवला.

"वहिनी," तो शारदेला म्हणाला, "हा तर जिता हाय. तुमचा हात धरणारं गावात कोणी नाही."

पुरा झालेला म्हणून तो शारदेचा, असंच त्याला वाटलं. शारदेनं नुसतं हसून मान हलवली असती तरी चाललं असतं. पण तिची नजर क्षणभर त्या दमलेल्या, ओलसर डोळ्यावर खिळून राहिली.

"माहा नाई तो, भाऊजी," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या घरचा हाय. तुमच्या हिनं केला."

चिंतामण हत्ती हातात धरून पद्मजाकडं पाहत राहिला. जळलेल्या भाकरीपासून आजपर्यंत त्यानं तिच्याकडं असं पाहिलं नव्हतं. पण पद्मजा त्याच्याकडं पाहत नव्हती. ती शारदेकडं पाहत होती. शारदेची नजर अजून हत्तीवरच होती, ओठ जरासे आवळलेले. ती नजर पद्मजाला चांगली ठाऊक होती. आतून ठाऊक होती.

ती घोळक्यातून पुढं आली, छबीला कडेवर घेऊन. लेकीच्या गालावरच्या ताज्या तिटेला तिनं बोट लावलं, वाकली, आणि नवऱ्याच्या हातातल्या हत्तीच्या गालावर ते काळं बोट टेकवलं.

"आता मांडा," ती म्हणाली.