काचेवरचं कुंकू

मराठीत आंधळ्यांवर म्हणी पुष्कळ आहेत. आमच्या संस्थेचे अध्यक्ष जयराज आबा यांना त्या सगळ्या पाठ आहेत आणि मी समोर आले की त्यातली एखादी त्यांना हटकून आठवते. ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ ही त्यांची आवडती. देवाच्या जागी त्यांनी स्वतःला धरलेलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

मी संयोगिता मोहिते. कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरात एका शाळेत नववीला इतिहास शिकवते. मला जन्मापासून दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण एवढं कळलं की लोकांना माझ्याबद्दल बाकी सगळं कळल्यासारखं वाटतं. उदाहरणार्थ, मला गाता येत असणार. प्रत्यक्षात मी आरतीत तोंड उघडलं की आई टाळ्या जोरात वाजवायला लागते. पण आमचे मुख्याध्यापक उदयसिंह थोरात सर यांचा माझ्या गळ्यावर फार विश्वास. यंदा नववीचं पुस्तक बदललं तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितलं की इतिहास आपण दिवाळीनंतर दुसऱ्या कुणाकडे देऊ, तुम्ही संगीत घ्या. जुनं पुस्तक मला तोंडपाठ होतं. नव्या पुस्तकाची ब्रेल प्रत पुण्याहून यायची होती आणि ती अजून निघालेलीच नव्हती.

मी सरांना सांगितलं की नवं पुस्तक मी घरी मोबाईलवर ऐकलंय. पानावर फोन धरला की त्यातलं ॲप फोटो काढतं आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवतं. ॲप फुकट आहे. दुधाच्या पिशवीवरची तारीख, आईच्या गोळ्यांची नावं, लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची न संपणारी रांग, सगळं ते न कंटाळता वाचतं. सर म्हणाले, ते घरी. वर्गात एखाद्यानं विचारलं की मॅडम, चौकटीत काय दिलंय, तर तुम्ही काय करणार? मी म्हटलं, मोबाईल काढीन. तिथं गाडी अडली. मागं कुणी गुरुजी परीक्षेच्या वेळी क्रिकेट बघताना सापडले होते, तेव्हापासून शाळा भरली की सगळ्या शिक्षकांचे मोबाईल सरांच्या कपाटातल्या पेटीत जातात. आज डोळ्यांसाठी सवलत दिली तर उद्या कोणी कानांसाठी मागेल, असं सरांचं म्हणणं पडलं.

त्यामुळे वर्गात माझं सगळं वाचन मुलांच्या तोंडून चालायचं. त्यातल्या त्यात शिवांजलीच्या. वक्तृत्वात बक्षिसं आणणारी, खणखणीत आवाजाची मुलगी. धडा तीच वाचायची आणि तासाच्या सुरुवातीला फळ्यावर सुविचार लिहून तोही तीच वाचून दाखवायची. सुविचार वाचला की माझा वर्ग हसायचा. दुसऱ्या कुणाच्या तासाला मुलं सुविचाराला हसत नाहीत, हे मी शिक्षकांच्या खोलीत मुद्दाम सांगत असे. माझ्या वर्गातलं वातावरण किती मोकळं आहे, याचा मला अभिमान होता.

संगीताची बातमी आबांच्या कानावर गेली आणि त्यांच्यातला देव जागा झाला. मॅडमना वाचणारं यंत्र घेऊन द्यायचं, असं त्यांनी जाहीर केलं. यंत्र निवडायला समिती नेमली. समितीत आबा, थोरात सर आणि नमुना म्हणून मी. आम्ही आबांच्या गाडीतून सांगलीला अजहर नावाच्या माणसाच्या दुकानात गेलो. तो दवाखान्याचं सामान, चाकाच्या खुर्च्या आणि कानाची यंत्रं विकतो.

अजहरनं आधी एक पेन काढलं. ओळीवरून सरळ फिरवलं की ते वाचतं. ओळ कुठं आहे हे ज्याला दिसतं त्याच्यासाठी ते उत्तम होतं. मग एक चष्मा निघाला, त्याच्या दांडीला कॅमेरा. तो आबांनी घातला आणि आरशासमोरून बराच वेळ हललेच नाहीत. शेवटी मोठी पेटी आली. आत काच, वर झाकण. पुस्तक काचेवर पालथं घालायचं, बटण दाबायचं, की पेटी वाचते. आबांनी डोळे मिटून ती चालवून बघायचं ठरवलं आणि पहिल्या झटक्यात बटण सापडल्यावर त्यांना फार आनंद झाला. अजहर हळूच म्हणाला की आबा, एक डोळा उघडा हाय तुमचा.

मी पेटीला हात लावून बघितलं. बटणं सपाट, एकावर दुसरीपेक्षा वेगळी खूण नाही. उचलायला दोन माणसं हवीत. वीज लागते आणि नववीच्या वर्गात प्लगच नाही. हे सगळं मी एकेक करून सांगितलं. अजहर प्रामाणिक निघाला. म्हणाला, मॅडमच्या मोबाईलमधलं ॲप हिच्यापेक्षा बरं वाचतंय. म्हणजे काम सोपं होतं. ॲप फुकटात होतं, माझ्या फोनमध्ये होतं, फक्त वर्गात न्यायची परवानगी हवी होती. मी तेवढीच मागितली.

आबांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आवं म्याडम, ॲप ब्येस आसंल. पर ॲपला हार कुठं घालायचा? पूजा कशाची करायची? पेपरात फोटू कशाचा द्यायचा?”

थोरात सरांनी मान डोलावली असावी, कारण त्यांच्या खिशातल्या किल्ल्या वाजल्या. पेटी ठरली. परतीच्या वाटेवर दोघांनी मला उसाचा रस पाजला आणि निवड माझ्या सल्ल्यानं झाली, असं मला समजावून सांगितलं.

अर्पण सोहळा खंडेनवमीला ठेवला. आमच्याकडे त्या दिवशी ट्रॅक्टरपासून शिवणयंत्रापर्यंत आणि फौजेतून आलेल्यांच्या बंदुकांपासून कोयत्यापर्यंत पोटाला घालणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. माझ्या पोटावर पाय आणणाऱ्या वस्तूचीही व्हावी, यात काही गैर नव्हतं. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. सगळे वर्ग, पालक, आबांचं मित्रमंडळ, ढोल, झेंडूचा वास. पेटीवर आबांच्या नावाची पितळी पाटी बसवली होती. ती मी बोटांनी वाचली. अक्षरं उठावाची होती, यंत्रावर मला वाचता येण्यासारखी तेवढीच एक गोष्ट.

भटजींनी मंत्र म्हटले, नारळ फुटला, कोणीतरी पेटीचं झाकण उघडलं. तो आवाज मला ऐकू आला. मला वाटलं, काच पुसत असतील. माणसांवर विश्वास ठेवायची वाईट खोड मला लहानपणापासून आहे.

मग आबांच्या हातात माईक आला आणि देवानं दोन डोळे दिल्याची कथा झाली. थोरात सर माझ्या कानाशी म्हणाले की मॅडम, नीट वाचून दाखवा, दिवाळीनंतरचं आज इथंच ठरवून टाकू. सगळ्यांसमोर वाचता आलं तर इतिहास माझ्याकडे, नाहीतर संगीत. मी इतिहासाचं पुस्तक पहिल्या धड्यावर उघडलं, काचेवर पालथं घातलं, झाकण लावलं. अजहरनं माझं बोट बटणावर नेलं. पेटी घरघरली आणि म्हणाली, “मजकूर आढळला नाही.”

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. अजहरनं वायर काढून घातली. मित्रमंडळ हसायला लागलं. आबा माईकवर म्हणाले की नवी नवरी हाय, लाजतीया. मला तेव्हा पेटीची नाही, दिवाळीनंतरची भीती वाटत होती. बाजाच्या पेटीसमोर बसून सा रे ग म म्हणणारी मी मला स्वतःला ऐकू यायला लागले.

मी झाकण वर केलं, पुस्तक उचललं आणि काचेवर हात फिरवला. हाताला ओला लगदा लागला. कुंकू, हळद, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या. बोट फिरवत गेले तर मधोमध चांगलं ऐसपैस स्वस्तिक. गुळगुळीत जागा बघून आबांनी ते स्वतःच्या हातानं काढलं होतं. मांडवात शेकडो माणसं होती, प्रत्येकाला दोन दोन डोळे. सगळ्यांनी पूजा बघितली, कित्येकांनी फोटो काढले. यंत्र वाचणार कुठून, असं त्यातल्या एकालाही वाटलं नाही. पुस्तकाच्या पानावरही स्वस्तिकाचा ठसा उमटला होता, हे मला मागून कळलं.

मी सरांना म्हटलं, माझा मोबाईल द्या, त्याच्यावर वाचून दाखवते. सर घुटमळले. मोबाईल पेटीत, पेटी कपाटात, किल्ली खिशात आणि नियम त्यांच्या डोक्यात. पण मांडवातला हशा वाढत चालला होता आणि आबा घसा खाकरायला लागले होते. सर स्वतः जाऊन मोबाईल घेऊन आले. शाळेच्या इतिहासात तो पहिलाच मोबाईल असेल जो मुख्याध्यापकांनी चालत आणून हातात दिला.

मी ओलं लागलेलं पान उलटलं, फोन वर धरला आणि माईक जवळ ओढला. ‘नाणी, ताम्रपट, शिलालेख ही इतिहासाची साधने आहेत,’ असं ॲपनं सुरू केलं आणि कुठंही न अडखळता अख्खं पान वाचून काढलं. मग टाळ्याच टाळ्या. मागच्या लोकांना फोन दिसत नव्हता, पेटी दिसत होती. आबांनी माईक घेऊन सांगितलं, बघा, आपल्या मशीनची कमाल. टाळ्या आणखी वाढल्या.

थोरात सर कुजबुजले, जाऊ द्या मॅडम, आजचा दिवस आबांचा आहे.

जाऊ द्यायचं म्हणजे काय, ते मला सरांपेक्षा नीट दिसत होतं. यंत्र कपाटात जाणार, मोबाईल पेटीत जाणार आणि मी संगीतात. मला राग आला. मी आबांच्या हातातला माईक चाचपून घेतला. त्यांनीही सोडला, कारण आंधळ्या बाईच्या हातातून माईक ओढणं फोटोत बरं दिसत नाही.

मी म्हटलं, “आत्ता वाचलं ते माझ्या मोबाईलनं. यंत्राच्या काचेवर कुंकू आहे, त्याला काही दिसत नाही. आबा, मला वर्गात मोबाईल वापरू द्याल का?”

ढोलवाल्याच्या हातातली टिपरी पडली. आबा राजकारणात मुरलेले. त्यांनी फक्त एक श्वास घेतला.

“मी तर पयल्यापास्नं ह्येच म्हणत हुतो,” ते म्हणाले. “थोरात सर, म्याडमचा मोबाईल आजपास्नं पेटीत घालायचा न्हाई. इतिहास म्याडमच शिकीवणार. आन् मशीन बी ऱ्हाऊ द्या. आंधळा मागतो एक डोळा...”

देव देतो दोन, असं अख्ख्या मांडवानं पुरं केलं. मी एकच मागितला होता, तोही माझ्या पर्समधला. पण तो मिळाला म्हणून मी सगळ्यांना हात जोडले आणि ते अगदी मनापासून जोडले.

पेटी आता सरांच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे. अजहरनं फोन करून सांगितलं होतं की ओल्या फडक्यानं पुसा, ती पुन्हा वाचेल. सरांनी मला विचारलं, पूजेचं कुंकू कधी कोणी पुसतं का? मी म्हटलं, राहू द्या सर, पुढच्या खंडेनवमीला परत लागेलच.

दसरा झाला, शाळा भरली. पहिल्याच दिवशी मी मोबाईल हातात घेऊन सगळ्यांच्या देखत सरांच्या कपाटासमोरून चालत गेले. मुद्दाम जरा सावकाश गेले. नववीत पाय ठेवला तर मुलं उभी राहिली, बसली. मोबाईल पुस्तकासाठी आहे असं त्यांना वाटत होतं. खरं म्हणजे मलाही तसंच वाटत होतं.

शिवांजलीनं खणखणीत आवाजात सुविचार वाचला, ‘परिश्रमाला पर्याय नाही.’ वर्ग हसला, रोजच्यासारखा मोकळेपणानं. मी पण हसले. नव्या खेळण्याची हौस म्हणून मी फोन फळ्याकडे धरला आणि ॲपनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, “आज मोहिते मॅडमचा तास. झोपणाऱ्यांनी मागे बसावे, घोरू नये.”

वर्गाचं हसणं मधेच तुटलं.

जूनपासून रोजचं ते हसणं माझ्या कानात पुन्हा वाजून गेलं. शिक्षकांच्या खोलीत मी मारलेल्या बढायाही आठवल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्या पोरीवर मी डोळे मिटून विश्वास टाकला, तिनंच मला मामा बनवलं होतं. पुढच्या बाकावर कोणीतरी नाक ओढलं. ती शिवांजली होती.

मी म्हटलं, “शिवांजली, अक्षर फार सुंदर आहे तुझं. मोबाईलला एका दमात लागलं. आता पुस ते, आणि तोंडानं वाचलास तोच सुविचार लिही. मी वाचणार आहे.”

खडू फळ्यावर किरकिरत होता. मी फोन धरला, ॲपनं वाचलं, बरोबर होतं. मग मी तिला रागावले. उभं करून, सगळ्या वर्गासमोर, चांगलं भरपूर रागावले. कानांनी मी पुष्कळ पोरं पकडली आहेत, पण वाचून पकडलेली ही पहिलीच. हसू आवरून आवाज कडक ठेवणं मला फार जड जात होतं.