जाहीर आभाराचा फळा

मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे, मित्रांनो. मी दहिवलीच्या नाक्यावर, चहाच्या टपरीशेजारी उभा असतो आणि माझ्यावर मोठ्या माणसांची खोड काढली जाते.

सुताराने मला सागाच्या फळ्या जोडून घडवले आणि जगदीशभाऊंनी हौसेने काळा रंग दिला. भाऊ विनोदी लेखक. दिवाळी अंकांत त्यांचे लेख येत, पण त्यांचा खरा हात चाले तो माझ्यावर. रोज सकाळी दोनच ओळी. त्या वाचायला रिक्षावाले, दूधवाले थांबत. मला त्याचा भारी गर्व होता, खोटे कशाला बोलू!

आमच्या भागातले एक पुढारी दिसेल तिथे कामाचा नारळ फोडत आणि पुढे काम विसरून जात. भाऊंनी त्यांचे नाव ‘नारळसाहेब’ ठेवले. एकदा डोंगराकडच्या वाडीतली ठमी आली. “भाऊ, आमच्या टाकीचं लिवा ना. पानी येतच नाय.” दुसऱ्या दिवशी भाऊंनी लिहिले, ‘नारळसाहेबांनी वाडीच्या टाकीपुढे आणखी एक नारळ फोडला. वाडीला आजवर मिळाले ते एवढेच पाणी.’ नाका खो खो हसला. थोड्याच दिवसांत वाडीत टँकर सुरू झाला.

मग निवडणूक आली आणि भाऊंना तिकीट हवेसे वाटू लागले. हेतू वाईट नव्हता. “नुसतं लिहून काय होतं? आत जाऊन कामं करू,” असे ते टपरीवर म्हणत. पण तिकीट नारळसाहेबांच्या हातात. माझ्यावरचा ‘नारळ’ आधी पुसला गेला, मग ‘साहेबां’मागे ‘आदरणीय’ चिकटले. ठमी पुन्हा आली. “टँकर कवातरीच येतो, भाऊ. टाकी कोरडीच हाय.”

“निवडणूक होऊ दे गं, मग बघू,” भाऊ तिच्याकडे न पाहता म्हणाले. मला त्यांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिले, ‘आदरणीय साहेबांच्या कृपेने वाडीला मुबलक पाणी. जाहीर आभार!’ त्यात थट्टेचे एक अक्षर नव्हते. पण नाक्याला भाऊंची सवय! लोक पोट धरून हसले. “भाऊ, सायबाला काय हाणलाय तुमी!” म्हणत हिरू रिक्षावाल्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली. भाऊ कसेनुसे हसले. साहेबांनाही ती थट्टाच वाटली आणि तिकीट त्यांच्या भाच्याला गेले. भाऊंनी रागाने खडूच ठेवून दिला. ती ओळ माझ्या अंगावर तशीच राहिली.

एवढ्यावर भागले असते. पण कुणीतरी माझा फोटो टँकर पाठवणाऱ्या सरकारी कचेरीत दाखवला. तिथे कोणी हसले नाही. वाडीला मुबलक पाणी आहे असे भाऊच लिहितात म्हटल्यावर टँकर बंद झाला.

ठमी रिकामा हंडा घेऊन आली. तिला वाचता येत नाही. “तुमी लिवलंत म्हनून बंद केला, असं सांगत्यात. वाचून दावा ना, काय लिवलंय?”

भाऊंनी ओला फडका घेतला आणि मला घासून घासून पुसले. मग लिहिले, ‘वाडीला पाणी नाही.’ नाका हसला. यात विनोद कुठला, ते कोणालाच सांगता आले नसते, तरी हसला.

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे. तो द्या, न द्या. पण माझ्यावरचे वाचून हसू आले, तर हसून झाल्यावर एकदा वाडीवर जाऊन या. ठमी अजून लांबच्या झऱ्यावरून पाणी आणते आहे.